सात नंबरचं टेबल

त्या घरात खुर्ची पुढे ओढता येत नसे. खुर्च्या सहा होत्या, जड, कोरीव पाठीच्या, पण प्रत्येकीचा पाय पितळी पट्टीने फरशीला आवळलेला. टेबल आणि माणूस यांच्यातलं अंतर त्यामुळे कायमचं ठरून गेलं होतं, आणि ज्या कुणाच्या पोटावरून ते ठरवलं होतं तो परदेशात कुठेतरी केव्हाच वारला असणार. आमच्या भागातले भरल्या अंगाचे लोक त्या खुर्चीत शिरत आणि अडकत. माझ्यासारखी किडकिडीत माणसं कडेवर टेकून, हात लांब करून जेवत. पहिल्या दिवशी मी दोनदा खुर्ची ओढून पाहिली, तेव्हा घरमालकांनी शांतपणे सांगितलं, "जहाज हलतं, ताई. खुर्चीनं हलून चालत नाय."

घर चौकहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, भातखाचरांच्या मधोमध, दगडी जोत्यावर होतं. मी तिथे सहा वर्षं भाड्याने राहिले. ते एकदाही हललं नाही.

मी तेव्हा खालापूरच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघत असे. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा. मधल्या काळात कागदाचं काय होतं याच्याशी आमचा संबंध नसे. अशा बाईला नंबर घातलेल्या घरात जागा मिळावी हे योग्यच होतं. माझ्या खोलीच्या दारावर पितळी आकड्यात ४१७ होतं आणि शेजारच्या खोलीवर ४२२. मधल्या चार कुठे गेल्या असं मी विचारलं. "अलंगला," ते म्हणाले, जणू त्या माहेरी गेल्या होत्या.

सगळं घर असंच होतं. ज्या प्रवासी जहाजावर त्यांनी एकोणीस वर्षं काढली, ते म्हातारं झाल्यावर गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघालं. तिथल्या दुकानांतून घरमालक दारं, आरसे, तळहाताएवढी वॉशबेसिनं आणि दोन गोल खिडक्या टेंपोत घालून घेऊन आले. न्हाणीघराच्या बोळाला, जिथे विजेचा मीटर होता, वीतभर उंच लोखंडी उंबरा होता, लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून. लाट आली नाही, पण वीज मंडळाचा मीटर वाचणारा माणूस दर महिन्याला त्यावर ठेचकाळे आणि पुढचं रीडिंग अंदाजाने लिहून जाई. पलंगाला झोपणारा पडू नये म्हणून फळी होती. मी सकाळी त्या फळीवरून पाय टाकून उतरायला शिकले. आजही साध्या पलंगावरून उतरताना माझा पाय उगाच उंच जातो आणि घरातले लोक बघतात.

पण घराचा मान होता तो टेबलाला. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहातलं सात नंबरचं टेबल. आठ माणसांचं, पण दोन खुर्च्या अलंगला कुणीतरी आधीच नेल्या होत्या. कडेने बोटभर उंच काठ, ताटं घसरू नयेत म्हणून. त्या काठामुळे खरकटं खाली लोटता येत नसे. एका कोपऱ्यात जमवून चिमटीने उचलावं लागे. ते काम घरमालक स्वतः करत. हातात फडकं, फडक्याची चौघडी, आणि प्रत्येक पुसण्याला चौघडीची नवी बाजू. मी महिन्यातून चार रविवार तिथे जेवत असे आणि चारही रविवार ते माझ्या उजव्या हाताला उभे राहून वाढत. स्वतः नंतर स्वयंपाकघरात आक्कांबरोबर खाली बसून जेवत. मी समजले, ही कप्तानाची रीत असेल, आधी प्रवासी मग आपण. तसं मी बोलूनही दाखवलं. ते "हां" म्हणाले आणि आमटी वाढली.

कप्तान हे त्यांचं नाव नव्हे, पण सगळा गाव तेच म्हणे. टमटमवालासुद्धा "कप्तानकडं" म्हटलं की वाटेत पत्ता विचारत नसे.

आक्का त्यांची थोरली बहीण, विधवा, ऐंशीच्या पुढची. कानाने तल्लख आणि जिभेने त्याहून. घरात नळाला पाणी आलं नाही की त्या अंगणात उभ्या राहून म्हणत, "समुद्र हाकलला म्हनं ह्यानं. हंडाभर पानी आनता येत नाय." टेबलाविषयी त्यांचं मत पक्कं होतं. "मानूस टेबल घेतो ते बसायला. ह्यानं घेतलंय ते पुसायला." माझ्यानंतर याच्यावर पापड वाळत घालशील, असं ते एकदा आक्कांना म्हणाले. आक्का म्हणाल्या, पापड तरी वाळतील. ते हसले नाहीत. त्या टेबलावर आपल्यामागे माणसं जेवावीत एवढी एकच इच्छा या गृहस्थाला होती, आणि ती ते मुलाबाळांच्या लग्नाविषयी बोलावं तशा काळजीने बोलून दाखवत. त्यांना मुलंबाळं नव्हती. बायको मी येण्याच्या काही वर्षं आधी गेली होती.

जहाजाविषयी मात्र ते हळवे नव्हते. मोठी जहाजं मोडली जातात म्हणून उसासे टाकणारे लोक मोबाइलवर दिसले की ते मला विचारत, यांच्यातला एक तरी त्यावर बसला होता का. एखादं जुनं जहाज कुठेतरी बंदराला बांधून त्याचं हॉटेल केल्याची बातमी मी वाचून दाखवली. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. चालणारी वस्तू बांधून ठेवण्यापेक्षा मोडलेली बरी, असं ते म्हणाले. "लोखंड हाय. दुसरीकडं कामाला लागतं." नेरळला नव्या इमारतींच्या डोक्यावर बाहेर आलेल्या सळ्या दिसल्या की ते रिक्षातून वाकून बघत. मोडलेल्या जहाजांच्या पत्र्यांच्या सळ्या होतात, त्यामुळे प्रत्येक अर्धवट स्लॅब त्यांना ओळखीचा वाटे. एका सात मजली इमारतीकडे बघून ते म्हणाले होते, आपलं जहाज याच्याहून उंच होतं, आणि कधीच गळलं नाही.

तरीही मी त्यांच्याकडून समुद्र ऐकायचा प्रयत्न करी. मी बऱ्यापैकी वाचलेली बाई आहे आणि एक कप्तान घरमालक मिळाल्यावर थोडीफार अपेक्षा ठेवणं चूक नव्हतं. मी विचारलं, भर समुद्रात कसं वाटतं.

"गरम," ते म्हणाले.

मी त्यात फार अर्थ पाहिला. एका शब्दात सगळं सांगणारा माणूस, असं मी ऑफिसात सांगितलंसुद्धा. दुसऱ्यांदा विचारलं, वादळ आलं की काय करत होतात. ते म्हणाले, वादळात टेबलक्लॉथ ओले करून घालतात, म्हणजे प्लेटा सरकत नाहीत. पण मग सगळे ओले कपडे एकदम येतात. मला वाटलं, काय हा संयम, वादळातही प्रवाशांच्या प्लेटांची काळजी. तिसऱ्यांदा प्रवाशांविषयी विचारलं, तेव्हा ते जरा मोकळे झाले. "फर्स्ट क्लासवाले जास्त सांडतात," ते म्हणाले. "गरीब मानूस जपून खातो."

माणूस ओळखायची त्यांची एक पद्धत होती. समोरच्याचं तोंड ते नंतर बघत, आधी कॉलर. खालापूरच्या बाजारात एक इस्त्रीवाला होता, माझे कपडे त्याच्याकडे जात. एकदा कप्तान माझ्याबरोबर आले आणि त्या दोघांची अशी जुंपली की मागे तीन गिऱ्हाइकं थांबली. कॉलर आधी आतून करायची, मग बाहेरून, टोकाकडून मध्याकडे. तू मध्यातून टोकाकडे नेतोस म्हणून टोकाला सुरकुती जमते, असं यांचं म्हणणं. इस्त्रीवाला म्हणाला, काका, तुम्ही जहाज चालवा, मला इस्त्री चालवू द्या. त्यानंतर तो यांना पाहिलं की मान वाकडी करून हसे. माझ्या शर्टांची कॉलर मात्र त्या आठवड्यापासून सुधारली.

एवढं सगळं डोळ्यांसमोर असून मला काही कळलं नाही. ऑफिसात बसून बसून मला नंबर दिसत होते, कागद दिसत नव्हता.

मग शेठ आला. शेठ म्हणजे कप्तानांचा लांबचा पुतण्या, ज्याची भातशेती होती तिथे आता रिसॉर्ट उभं राहत होतं. कर्जतच्या आसपास रिसॉर्टांची कमी नाही. कुठे झोपड्या आहेत, कुठे किल्ला आहे. शेठने जहाज बांधलं. सिमेंटचं, तीन मजली, टोक एक्स्प्रेसवेच्या दिशेला. प्रत्येक गोल खिडकीखाली एसीचा डबा. दारात फायबरचा नांगर, जो दोन माणसं उचलून इकडचा तिकडे ठेवत. शेठ मनाने मोठा माणूस होता हे कबूल केलं पाहिजे. काकांचं टेबल आपल्या जहाजात ठेवायचं आणि उद्घाटनाच्या दिवशी आमदारांच्या हस्ते काकांचा जाहीर सत्कार करायचा, असा त्याचा बेत होता.

काकांनी एकच विचारलं. "मानसं जेवतील ना रं त्याच्यावर?"

"रोज जेवतील, काका," शेठ म्हणाला, आणि त्या वेळी त्याला तसं वाटतही असावं.

ते तयार झाले. आक्कांनी पापडांचा विषय काढला, तो कुणी मनावर घेतला नाही. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण आवक-जावक लिहिणाऱ्या बाईला मानपत्र लिहिता येतं असा आपल्याकडे समज आहे. मानपत्राला माहिती लागत नाही, विशेषणं लागतात. मी दोन संध्याकाळींत "सागराच्या रौद्र लाटांना आपल्या करारी नजरेने शांत करणारे दर्यावीर" इथवर पोचले. वाचून दाखवलं. ते ऐकत असताना आपल्या मनगटाकडे बघत होते. मी म्हटलं, काही चुकलंय का. ते म्हणाले, लिवलंय बरं.

शेठने कप्तानाचा पोशाखही शिवून पाठवला. खोपोलीच्या ज्या शिंप्याने शिवला तो एरवी बँडवाल्यांचे कोट शिवत असे, त्यामुळे खांद्यावर सोनेरी झालर आणि छातीवर दोन ओळी बटणं. आक्कांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि वरात किती वाजता निघणार म्हणून विचारलं. यांनी फक्त बाहीवरून बोट फिरवलं. "इस्त्री चुकल्ये," म्हणाले, आणि कोट आत घेऊन गेले. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा त्या बँडच्या कोटाकडे बघून खरंच कुणीतरी उठून उभं राहावं, असा तो झाला होता.

सत्काराच्या आधीच्या रविवारी शेठची माणसं टेबलाचं माप घ्यायला आली. रिसॉर्टमध्ये कसं दिसेल ते बघायला त्यांनी बरोबर चार पितळी खांब आणि लाल मखमली दोरी आणली होती. टेबलाभोवती खांब मांडले, दोरी लावली, मोबाइलवर फोटो काढले. त्यातल्या एकाने मला कौतुकाने सांगितलं की पाहुणे बाहेरून बघतील, आत कुणाला सोडायचं नाही, कारण अँटिक वस्तू आहे. चहा प्यायला ती माणसं अंगणात गेली आणि दोरी तशीच राहिली.

मी दोरीखालून वाकून माझ्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसले होते, कारण जेवायची वेळ झाली होती आणि मला भूक लागली होती. कप्तान आमटीचं भांडं घेऊन आतून आले. दोरीपाशी आले आणि थांबले.

दोरी कमरेएवढी होती. एका टोकाची कडी काढली की सुटणारी. त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलाभोवती. पण ते थांबले ते चूक झालेल्या माणसासारखे, अर्धं पाऊल मागे घेऊन, भांडं छातीशी धरून. मी वाट बघितली. ते आत आले नाहीत.

मागून आक्का आल्या. त्यांनी एकदा दोरीकडे आणि एकदा भावाकडे पाहिलं. नेहमीचा टोमणा त्यांच्या तोंडावर आलेला मी पाहिला आणि तो गिळलेलाही पाहिला. त्यांनी कडी काढली, दोरी जमिनीवर पडू दिली, भावाच्या हातातलं भांडं घेतलं.

"आत ये रं," त्या म्हणाल्या. "तुजंच हाय."

ते आत आले, पण बसले नाहीत. टेबलाच्या काठावर दोन बोटं ठेवून उभे राहिले आणि तसंच उभ्याने बोलले. एवढं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"ताई, ते मानपत्र फाडा. मी जहाजावर धोबी व्हतो."

पाण्याच्या पातळीच्या खाली, बॉयलरच्या शेजारी, जहाजाचा धोबीखाना होता. खिडकी नाही. एकोणीस वर्षं ते आणि आणखी काही जण तिथे चादरी, नॅपकिन आणि टेबलक्लॉथ धूत होते. समुद्र त्यांनी पाहिला तो बंदरात चढता-उतरताना. वर कोण जेवतंय, काय जेवतंय, हे त्यांना कापडावरून कळे. प्रत्येक टेबलक्लॉथच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने टेबलाचा नंबर भरलेला असे, आणि सगळ्यांत खराब होऊन कायम सात नंबर येई. दर फेरीला माणसं बदलत, देश बदलत, पण सात नंबर सांडतच राही. रस्सा, दारू, चॉकलेट, एकदा शाई. भोजनगृहात धोब्यांना जायची परवानगी नव्हती. त्यामुळे एकोणीस वर्षं त्या टेबलाचा प्रत्येक डाग ओळखून त्यांनी टेबल कधी पाहिलं नव्हतं.

मग जहाज विकलं गेलं. शेवटच्या प्रवासाला प्रवासी नव्हते, मोजकी माणसं होती. नावातली अर्धी अक्षरं रंगाने पुसली होती, कारण जुनं नाव कंपनीला परत हवं होतं. यांना ठेवलं होतं ते कापडाची गाठोडी बांधायला. भोजनगृहाचं दार उघडं दिसलं तसे हे आणि एक सोबती वर गेले. सगळ्या टेबलांतून त्यांनी सात नंबर शोधला. खुर्चीपर्यंत पोचलेही. तेवढ्यात तिथला मुकादम आला. जहाज चार दिवसांनी मोडायचं होतं, तरी त्याने दोघांना बाहेर काढलं आणि दारात लाल दोरी लावली.

"चार दिसांनी मोडायचं जहाज," ते म्हणाले. "आनि त्यानं दोरी लावली."

भरतीच्या दिवशी अलंगला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घालतात. ते आपल्याच जोराने चिखलात चढून बसतं. त्या वेळी हे दोरीच्या बाहेर उभे होते. आतले सगळे ग्लास एकदम वाजले. मग खालून इंजिन बंद झालं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो आवाज थांबला आणि कान दुखायला लागले. पंधरा दिवस ते तिथेच फिरत राहिले. एक दिवस रस्त्याकडेच्या दुकानात सात नंबरचं टेबल दिसलं, आणि दुकानदार त्यावर पाय ठेवून जेवत होता.

"आनलं. पुसलं. जाग्याला बसवलं. पन माजं बूड टेकत नाय त्याच्यावर. वाटतं, कोन येल आनि उठवंल."

गावात ते पहिल्यांदा सुट्टीवर आले ते पांढऱ्या शर्टात, आणि तो शर्ट असा इस्त्री केलेला की कर्जतला स्टेशनबाहेर टांगेवाल्यानेच कप्तान म्हणायला सुरुवात केली. "मी हाय बोल्लो नाय," ते म्हणाले. "नाय बी बोल्लो नाय." चांगल्या शेतकरी घरातला माणूस परमुलखात जाऊन लोकांचं खरकटं धुतो, हे त्या वेळी सांगायची सोय नव्हती. घरी बायकोला सगळे कप्तानीण म्हणत आणि ती त्या नावावर हळदीकुंकवाला चार बायकांच्या पुढे बसे. ते तिच्यासाठी गप्प राहिले. ती गेल्यावर सवयीने गप्प राहिले.

आक्का खाली बसल्या होत्या. त्यांनी भावाचा हात धरून बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत पोळल्याचे जुने, फिकट चट्टे होते.

"कप्तानाच्या हाताला असलं कशाला असंल? तुज्या बायकोला पयल्या दिसापासनं ठाऊक व्हतं. तिनंच मला गप बसवली, बोल्ली, त्याला वाटतंय ना मला ठाऊक नाय, तर ऱ्हाऊ द्या."

त्यांनी बाही खाली ओढून बटण लावलं. मग मला म्हणाले, नवीन लिवा. धोबी लिवा. मी म्हटलं, उद्घाटनाला सगळा गाव असेल, आमदार असतील. ते म्हणाले, म्हणूनच. टेबलाविषयी त्यांनी शेठला स्वतः सांगितलं, देत नाही म्हणून. शेठ दुखावला, पण मंडप घातला होता, पत्रिका वाटल्या होत्या, आणि हार सांगितलेला होता. सत्कार रद्द करता येत नव्हता.

मी नवं मानपत्र लिहिलं. विशेषणं काढल्यावर ते अर्ध्या पानाचं झालं. सत्काराच्या दिवशी सकाळी ते तीन वेळा शर्टाला इस्त्री करताना दिसले. पांढरा, साधा, घरचा. निघताना दाराशी त्यांचा पाय अडखळला, आणि त्या दाराला उंबरा नव्हता. इतक्या वर्षांत ते घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

सिमेंटच्या जहाजापुढे मंडप होता. पुढे सोफे, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, वर ड्रोन. निवेदक भाड्याने आणलेला, आवाज असा की त्याने आवक-जावकचं रजिस्टर वाचलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या. त्याने मानपत्र आधी वाचलेलं नव्हतं. "सन्माननीय दर्यावीर" हे त्याने स्वतःच्या पदरचं जोडलं आणि मग त्याच घनगंभीर आवाजात माझी वाक्यं सुरू झाली. "आपण एकोणीस वर्षे जहाजाच्या तळाशी, जिथे खिडकी नव्हती, तिथे टेबलक्लॉथ धुतलेत." इथे तो क्षणभर अडला, कागद उलटून पाहिला, आणि व्यावसायिक माणूस असल्यामुळे पुढे गेला. "आपण धुतलेल्या कापडावर अनेक देशांचे लोक जेवले. त्यांतल्या कुणीही आपल्याला पाहिले नाही. कापडावर डाग नव्हता, म्हणून त्यांना आपली आठवण झाली नाही." माझ्या हयातीत मी लिहिलेलं एवढंच काय ते माइकवरून वाचलं गेलं.

आमदारांनी हार कुणाच्या गळ्यात घालायचा म्हणून शेठकडे पाहिलं. कप्तान हात जोडून उभे होते आणि बाह्या त्यांनी कोपरापर्यंत दुमडल्या होत्या.

मागच्या खुर्च्यांतून एक माणूस उठला. खालापूरचा इस्त्रीवाला.

"मला ठाऊक व्हतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कॉलर आदी आतनं करा सांगनारा मानूस जहाज चालवत नसतो."

मागचे लोक हसले. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, आणि ते ओळखायला यांना थोडा वेळ लागला. मग तेही हसले. आमदारांनी तेवढ्यात हार घालून घेतला. येताना टमटमवाला म्हणाला, "बसा, कप्तान." मी म्हटलं, आता सगळ्यांना कळलंय ना? तो म्हणाला, मग काय झालं, इतक्या वर्षांनी नाव कोण बदलतो.

शेठने पुढे सुताराकडून टेबलाची नक्कल करून घेतली. ती आजही त्या रिसॉर्टमध्ये लाल दोरीच्या आत आहे आणि समोर पाटी आहे की हे मूळ जहाजातलं टेबल. मी कप्तानांना विचारलं, तुम्ही चिडला नाहीत का? ते म्हणाले, दोरीच्या आत खोटंच बरं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आक्कांनी वालाचं बिरडं केलं होतं. मी खाली आले तेव्हा टेबलावर कापड होतं. इतक्या वर्षांत त्या टेबलावर मी कापड पाहिलं नव्हतं. पांढरं, जाड, घडीच्या रेघा अजून उभ्या, आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने सात. गाठोडं बांधताना एक बांधायचं राहून गेलं, असं त्यांनी सांगितलं. आक्का एका खुर्चीत बसल्या होत्या, पाय वर घेऊन. मी माझ्या खुर्चीत बसले. ते वाढायचं भांडं घेऊन नेहमीसारखे माझ्या उजव्या हाताला आले, थांबले, भांडं मध्ये ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसले. बसून एकदा दाराकडे पाहिलं. कुणी आलं नाही.

खुर्ची पुढे ओढता येत नव्हती. म्हातारपणी ते माझ्याहून किडकिडीत झाले होते. त्यांनी हात लांब केला, भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, आणि तोंडापर्यंत नेताना वाटेत तो गळला. पांढऱ्या कापडावर रुपयाएवढा पिवळा डाग पडला.

"झालं," आक्का म्हणाल्या. "आता कोन धुनार?"

ते वाकले. चष्मा वर करून डागाकडे जवळून पाहिलं, जाणकाराने पाहावं तसं.

"हळद हाय," ते म्हणाले. "उनात टाकली की जाते."

मग थोडा विचार केला.

"नको टाकू," ते म्हणाले, आणि ताट डागावर येऊ नये अशा बेताने थोडं बाजूला सरकवून त्यांनी पुढचा घास घेतला.